रिमोटचं ग्लायडर: जुळणीच्या टेबलापासून पहिल्या थर्मलपर्यंत

इंजिनाच्या विमानाच्या बऱ्याच चुका इंजिन झाकून नेतं. ग्लायडरला ती सोय नाही. पंख किंचित पिळलेला असेल, शेपूट तिरकं बसलं असेल किंवा तोल सेंटीमीटरभर मागे गेला असेल, तर हातातून सुटल्यावर पहिल्या तीन सेकंदांत ते दिसतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग मी टेबलावरच्या कामाला देणार आहे. नीट जुळवलेलं ग्लायडर रिमोटच्या स्टिक सोडल्या तरी सरळ जात राहतं. मग उडवणाऱ्याला त्याला अधूनमधून दिशा सांगण्याएवढंच काम उरतं.

पहिलं ग्लायडर कसं असावं

पंखांची एकूण लांबी २ मीटरच्या आसपास, वजन ७०० ते ९०० ग्रॅम, आणि चालवायला फक्त रडर (उभ्या शेपटाचा हलणारा भाग, डावी-उजवीकडे वळवणारा) व एलेव्हेटर (आडव्या शेपटाचा हलणारा भाग, नाक वर-खाली करणारा). एवढ्या आकाराचं मॉडेल १०० मीटर उंचीवरही कुठल्या दिशेला वळलंय ते कळतं, आणि ते सावकाश उडत असल्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. लहान, एक मीटरचं मॉडेल सोपं असेल असं वाटतं, पण ते चटचट हलतं आणि दूर गेलं की ठिपका होऊन जातं.

पंखाची टोकं वर उचललेली हवीत. समोरून पाहिलं तर पसरट व्ही दिसला पाहिजे. याला डायहेड्रल म्हणतात. ग्लायडर एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरू लागतं, आणि घसरताना खालचा पंख हवेला जास्त कोनात भेटतो. त्याला जास्त उचल मिळते आणि मॉडेल आपोआप सरळ होतं. नवशिक्याच्या हातून झालेल्या निम्म्या चुका हा व्ही आकार परस्पर दुरुस्त करतो. कार्ल गोल्डबर्ग कंपनीचं ‘जेंटल लेडी’ हे बाल्साच्या हलक्या लाकडाचं किट याच घडणीचं होतं, आणि त्याच्यावर कितीतरी जण उडवायला शिकले.

बाल्सा की फोम? बाल्साच्या फासळ्यांवर ताणलेल्या फिल्मचा पंख उन्हात पारदर्शक दिसतो, तेव्हा त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नसतं. तरीही पहिलं मॉडेल ईपीओ या लवचिक फोमचंच घ्या असं मी सांगेन. ते आपटलं तर मैदानातच चिकटवून पुन्हा उडवता येतं, आणि शिकताना जास्तीत जास्त उड्डाणं होणं महत्त्वाचं. नाकात छोटी मोटर आणि मिटणारा प्रोपेलर असलेलं घ्या, म्हणजे वर चढवायला दुसऱ्या माणसाची किंवा रबराच्या दोरीची गरज पडत नाही. वर पोचल्यावर मोटर बंद केली की प्रोपेलरची पाती मागे मिटतात आणि खरं ग्लायडिंग सुरू होतं.

जुळणी: सरळपणा आणि हलकं शेपूट

आधी गोंदाचं बघू. साधा सुपरग्लू ईपीओ फोमवर चालतो, पण पांढऱ्या थर्माकोलसारख्या ईपीएस फोमला तो विरघळवतो. कुठला फोम आहे याची खात्री नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. जिथे जोर येतो, म्हणजे मोटरचा बसका, पंखाचा मधला सांधा, तिथे इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांत वाळणारी इपॉक्सी सोयीची असते, पण पंखाच्या सांध्याला मी तीस मिनिटांचीच वापरतो. भाग सरळ करून बघायला वेळ मिळतो आणि ती फोममध्ये जास्त मुरते.

शेपटाकडे गोंद कमीत कमी. ग्लायडरचं नाक आखूड आणि शेपूट लांब असतं, त्यामुळे मागे वाढलेल्या १० ग्रॅमचा तोल साधायला पुढे २० ते ३० ग्रॅम घालावे लागतात.

शेपूट चिकटवण्यापूर्वी पंख धडाला बसवा. मग एक न ताणणारा दोरा घ्या, त्याचं एक टोक धडाच्या मागच्या टोकाला मध्यावर टाचणीने अडकवा आणि दुसरं डाव्या पंखाच्या टोकापर्यंत न्या. तिथे खूण करा आणि तोच दोरा उजव्या टोकापर्यंत नेऊन पाहा. २ मीटरच्या पंखात २-३ मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर पंखाचा बसका घासून सरळ करा. मग चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहा. आडवं शेपूट पंखाशी समांतर हवं आणि उभं शेपूट त्याच्याशी काटकोनात. हे सगळं जमलं की मगच गोंद.

पंखाचा पीळ तपासायलाही हीच जागा. मागून पाहताना दोन्ही पंखांची मागची कड सारखीच दिसली पाहिजे. टोकाजवळ मागची कड किंचित वर उचललेली असेल तर घाबरू नका. तो मुद्दाम दिलेला पीळ असतो, त्यामुळे टोकं शेवटी स्टॉल होतात, म्हणजे उचल गमावतात. पण तो दोन्हीकडे सारखा हवा. एकाच बाजूला पीळ असलेलं ग्लायडर ट्रिम करून (म्हणजे रिमोटवरून रडर-एलेव्हेटरची मधली जागा किंचित बदलून) सरळ उडवता येतं खरं, पण वेग बदलला की ते पुन्हा वळू लागतं.

सर्व्हो आणि रेडिओ

सर्व्हो म्हणजे रडर-एलेव्हेटर हलवणारी छोटी मोटर. तिचा हात स्क्रूने घट्ट करण्याआधी रेडिओ, म्हणजे हातातला ट्रान्समीटर, चालू करा आणि सगळे ट्रिम शून्यावर आणा. सर्व्हो मध्यावर आला की हात पुशरॉडशी (सर्व्होपासून शेपटाकडे जाणाऱ्या काडीशी) काटकोनात बसवा. मग पुशरॉडची लांबी अशी जुळवा की रडर आणि एलेव्हेटर दोन्ही बरोबर मध्ये उभे राहतील. पुशरॉड सर्व्होच्या हाताच्या आतल्या भोकात आणि हॉर्नच्या (रडर-एलेव्हेटरवरच्या खुंटीच्या) बाहेरच्या भोकात घाला. हालचाल कमी होते, पण ती नेमकी होते आणि ढिलाई कमी जाणवते. एलेव्हेटर बोटाने हलवून पाहा. सर्व्हो न फिरता ते दोन मिलिमीटर हलत असेल तर ते हवेतही आपल्या मर्जीने हलणार.

रडर उजव्या स्टिकवर घ्या, जिथे एरवी एलेरॉन (पंखांवरचे, मॉडेल कलवणारे भाग) असतात. पुढे एलेरॉनचं मॉडेल घ्याल तेव्हा वळवणारा हात तोच राहील.

हालचाल किती ठेवायची? एलेव्हेटरच्या मागच्या कडेला मोजून वर १० आणि खाली १० मिलिमीटर, रडरला दोन्हीकडे २५ ते ३०. एक्स्पो साधारण ३० टक्के, म्हणजे स्टिक मध्याजवळ असताना हालचाल मवाळ होते. आता मॉडेलच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे नेली तर रडर उजवीकडे जायला हवं. एलेव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली तर एलेव्हेटरची कड वर उचलली पाहिजे. हे मॉडेलच्या समोर उभं राहून तपासू नका, डावं-उजवं उलटं दिसतं आणि उलटा लागलेला सर्व्हो नजरेतून सुटतो. मैदानात गेल्यावर हीच तपासणी प्रत्येक दिवशीच्या पहिल्या उड्डाणाआधी पुन्हा करायची.

२.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला सहसा दोन अँटेना असतात. त्या एकमेकींशी काटकोनात ठेवा आणि कार्बनच्या नळीपासून व बॅटरीपासून दूर. कार्बन हे सिग्नल अडवतं. फेलसेफ असा लावा की सिग्नल तुटला तर मोटर बंद होईल, आणि ते टेबलावर ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष पाहा.

या सगळ्या चाचण्या संपेपर्यंत प्रोपेलर लावू नका. लहान मोटरही बोटाला टाके घालायला लावते. क्रम कायमचा लक्षात ठेवा: आधी ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी स्टिक) खाली, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर.

तोल

या भागात घाई करू नका. १८०४ साली जॉर्ज केली यांनी केलेल्या ग्लायडरच्या मॉडेलवर तोल बदलण्यासाठी पुढेमागे सरकवता येणारं वजन होतं. तेव्हापासून आजपर्यंत प्रश्न तोच आहे: गुरुत्वमध्य कुठे ठेवायचा?

किटच्या पुस्तिकेत जागा दिलेली असेल तर तीच घ्या. नसेल तर पंखाच्या सरासरी रुंदीच्या ३० ते ३३ टक्के, पुढच्या कडेपासून मोजून. रुंदी २० सेंटीमीटर असेल तर ६ ते ६.६ सेंटीमीटर. सुरुवात यातल्या लहान आकड्याने करा. पंखाच्या खाली धडाच्या दोन्ही बाजूंना त्या अंतरावर पेनाने खुणा करा. बॅटरी, प्रोपेलर, कॉकपिटचं झाकण सगळं जागेवर असताना मॉडेल दोन बोटांच्या टोकांवर उचला. ते सपाट किंवा नाक अगदी किंचित खाली झुकलेलं राहायला हवं. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. तेवढ्याने भागत नसेल तर नाकात वजन घाला. वजन वाढतं म्हणून हे टाळू नका. जड नाकाचं ग्लायडर फक्त वाईट उडतं, जड शेपटाचं उडतच नाही.

हे मी स्वतः पाहिलं आहे. एका आपटीनंतर मी शेपटाचा सांधा भरपूर इपॉक्सी घालून जोडला, मॉडेल अभिमानाने मैदानात नेलं आणि तोल पुन्हा न तपासता हातातून सोडलं. नाक वर गेलं, वेग संपला, एक पंख खाली पडला. मी एलेव्हेटर खाली दिलं, तर ते तितक्याच आवेशाने खाली गेलं. दोन हेलकाव्यांत सगळं संपलं. गुरुत्वमध्य मागे गेला की मॉडेलला स्वतःहून सरळ होण्याची ओढ राहत नाही, आणि माणसाचा हात त्याच्या वेगाला पुरा पडत नाही. तेव्हापासून प्रत्येक दुरुस्तीनंतर मी आधी बोटांवर तोल पाहतो.

आडवा तोलही बघा. नाकाच्या आणि शेपटाच्या मध्यावर पकडून मॉडेल उचला. एक पंख सतत खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकाला थोडं वजन चिकटवा.

मैदान आणि पहिला हात-फेक

वारा ताशी १० किलोमीटरच्या आत असेल असा दिवस निवडा. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तास बहुधा सर्वांत शांत असतो. गवताळ, मोकळी जागा हवी, आणि विजेच्या तारा, रस्ते, माणसं दूर. आपल्या देशातले मॉडेल विमानांचे नियम आधी वाचून घ्या. अनेक देशांत १२० मीटर ही उंचीची मर्यादा आहे, आणि विमानतळाच्या आसपास उडवायला मनाई असते.

रेडिओच्या रेंज-चाचणीचा मोड चालू करून तीस पावलं दूर जा आणि रडर-एलेव्हेटर हलवत राहा. सोबत्याला मॉडेलकडे बघायला सांगा. काही अडखळलं तर आज उडवायचं नाही.

मग मोटर चालू न करता हात-फेक. वाऱ्याकडे तोंड करा, मॉडेल तोलाच्या जागेजवळ धरा, पंख सपाट. चार-पाच पावलं धावा आणि समोर २० ते २५ मीटरवरच्या जमिनीतल्या एका बिंदूकडे भाल्यासारखं सरळ सोडा. वर फेकू नका. मॉडेलला उंची नको असते, वेग हवा असतो. ते लांब, सपाट रेघ काढत खाली आलं तर काहीच बदलू नका. वर उठून अडखळून नाक टाकत असेल तर एलेव्हेटरचा ट्रिम एक-दोन टिचक्या खाली. थेट जमिनीकडे जात असेल तर वर. एका बाजूला वळत असेल तर रडरचा ट्रिम, पण आधी तुमच्या फेकीत पंख वाकडा होता का ते आठवा. अशा दहा फेकी करा. त्यांतच निम्मं ट्रिमिंग होऊन जातं.

पहिलं उड्डाण

मोटर तीन चतुर्थांश, सपाट फेक, आणि पहिले काही सेकंद पंख सपाट ठेवण्यापलीकडे काही करू नका. मोटरच्या ओढीने नाक फार वर उचललं तर एलेव्हेटर किंचित पुढे. वाऱ्याकडे चढत जा आणि ८० ते १०० मीटरवर मोटर बंद करा. आता स्टिक सोडून तीन सेकंद मोजा. मॉडेल काय करतं ते बघा आणि त्याप्रमाणे ट्रिम द्या. नवा हात सतत हलत राहतो आणि मग मॉडेल डोलतंय की आपण त्याला डोलवतोय हे कळत नाही.

वळण असं घ्या: रडर थोडं द्या आणि थांबा. डायहेड्रलच्या मॉडेलमध्ये कलायला अर्धा-एक सेकंद लागतो. तो वेळ न दिल्याने लोक जास्त रडर देतात आणि मॉडेल गिरकीत शिरतं. कललं की रडर सैल करा, नाक पडू नये म्हणून एलेव्हेटर चिमूटभर मागे. वळण संपवताना उलट रडर, पुन्हा थोडंच. मॉडेल नेहमी आपल्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूला, समोर ठेवा आणि आडवे आठ काढत राहा, प्रत्येक वळण वाऱ्याकडे.

ते आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं. याला एक सोपी युक्ती आहे: जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच्या खाली स्टिक न्या, जणू टेकू देताय.

दुसरा भ्रम जास्त मॉडेलं मोडतो. समजा ग्लायडर हवेत सेकंदाला ८ मीटर उडतंय आणि वारा सेकंदाला ४ मीटर आहे. वाऱ्याकडे जाताना ते जमिनीवरून ४ मीटरने सरकताना दिसतं, पाठीवर वारा घेतला की १२ मीटरने. ते फार वेगात चाललंय असं वाटून हात एलेव्हेटर मागे ओढतो. पण पंखाला फक्त हवा कळते. तिच्यातला वेग कमी झाला की स्टॉल होतोच. स्टॉल झाला तर स्टिक पुढे, वेग येऊ द्या, मग हळूच सरळ करा. घाबरून मागे ओढलेल्या हातात स्टॉल सुटत नाही.

उतरवणं

साधारण २५ मीटर उंची उरली की उतरायचं ठरवा, त्याहून उशिरा नको. बाजूने वाऱ्याबरोबर मागे जा, वळा, पुन्हा वळून वाऱ्याकडे तोंड करा. हे शेवटचं वळण १० मीटरच्या वरच पूर्ण व्हायला हवं. मग पंख सपाट ठेवा आणि मॉडेल जिथे टेकेल तिथे टेकू द्या. पायाशी आणण्याच्या नादात खाली काढलेलं वळण पंखाचं टोक जमिनीत रोवतं. शंभर पावलं चालत जाणं स्वस्त पडतं. शेवटच्या अर्ध्या मीटरवर एलेव्हेटर किंचित मागे, मोटर बंद, एवढंच.

तोल बारीक जुळवणं

पाच-सहा उड्डाणं सुखरूप झाली की डाइव्ह चाचणी करा. पुरेशा उंचीवर, ट्रिम केलेल्या सरळ ग्लाइडमधून नाक साधारण ३० अंश खाली दाबा आणि एलेव्हेटर सोडून द्या. मॉडेल लगेच जोराने वर उठलं तर गुरुत्वमध्य फार पुढे आहे. सावकाश, मोठ्या कमानीत वर आलं तर नवशिक्यासाठी ही जागा उत्तम. त्याच कोनात खाली जात राहिलं तर तोल काठावर आहे, आणि आणखी खाली वळू लागलं तर लगेच बाहेर काढा व उतरून वजन पुढे घ्या.

बॅटरी एका वेळी २-३ मिलिमीटरच मागे सरकवा. प्रत्येक वेळी एलेव्हेटरला थोडा खालचा ट्रिम लागेल. एवढ्या बारकाव्यात शिरायचं कारण असं, की नाक जड असलेलं ग्लायडर हवेतले लहान धक्के गिळून टाकतं. तोल जमला की तेच मॉडेल वर जाणाऱ्या हवेची खबर शेपटाने देतं.

थर्मल ओळखणं

आधी एक मोजमाप करून ठेवा. शांत सकाळी १०० मीटरवर मोटर बंद करा आणि घड्याळ लावा. या आकाराचं मॉडेल सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास खाली येत असेल तर तीन-साडेतीन मिनिटं मिळतील. तुमच्या मॉडेलचा आकडा लिहून ठेवा. दुपारी त्याहून जास्त मिळालेलं सगळं हवेकडून आलेलं असतं.

ऊन जमिनीला सारखं तापवत नाही. नांगरलेली काळी जमीन, खडक, डांबर जास्त तापतात, त्यांच्यावरची हवा हलकी होऊन उठते (हा वर जाणारा प्रवाह म्हणजे थर्मल) आणि आजूबाजूची हवा तिची जागा भरायला खाली येते. म्हणून ग्लायडर अचानक भरभर खाली येऊ लागलं तर जवळपास कुठेतरी उठणारी हवा असण्याची शक्यता असते. त्या खाली येणाऱ्या हवेत वेळ न काढता नाक थोडं खाली करून पुढे निघा. घारी पंख न हलवता घिरट्या घालत असतील तर सरळ त्यांच्याकडे जा.

ग्लायडर स्वतः काय सांगतं? शेपूट किंचित उचललं जातं आणि वेग वाढल्यासारखा वाटतो. किंवा एक पंख विनाकारण वर ढकलला जातो आणि मॉडेल त्याच्या उलट बाजूला वळू पाहतं. ज्या बाजूचा पंख उचलला गेला, थर्मल तिकडे आहे. त्या बाजूलाच वळा. पसरट, एकसारखं वर्तुळ धरा आणि घाई न करता ते सरकवत राहा: वर्तुळाच्या ज्या भागात चढ जास्त मिळतो तिकडे थोडं. थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातं, तेव्हा वर्तुळही वाहू द्या.

परतीचं गणित मात्र डोक्यात ठेवा. परतताना वारा समोरून असणार आणि मधे खाली येणारी हवा भेटणार. पंखांचा कल ओळखायला कष्ट पडू लागले की वर्तुळ सोडून द्या, कितीही चढ मिळत असला तरी. मॉडेल सतत वरच ओढलं जात असेल तर उभा डाइव्ह घेऊ नका, त्या वेगात पंख थरथरून मोडू शकतो. खालचा ट्रिम देऊन, सरळ रेषेत, थर्मलच्या बाहेर निघून या. बाहेरची हवा त्याला खाली आणेल.

उतरल्यावर शेपटाचे सांधे आणि पंखाची नळी चाचपून पाहा. लिथियम-पॉलिमर बॅटरी दर सेलला ३.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. आठवडाभर उडवणार नसाल तर ती ३.८ व्होल्टवर आणून ठेवा आणि चार्ज करताना जवळ बसा. फोमचे पंख उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नका. तासाभरात त्यांना पीळ पडतो, आणि मग पुन्हा दोरा, टाचणी आणि टेबलापासून सुरुवात करावी लागते.